पत्रिकेवरचा मुहूर्त आणि महामार्गावरचा साठ

आमच्या परभणीकडं पत्रिकेवर साडेबाराचा मुहूर्त छापला की अक्षता दोनला पडतात, हे पाहुण्यांना माहीत असतं. पाहुणे उशिरा येणार हे छापणाऱ्यालाही माहीत असतं, म्हणून तो आधीची वेळ छापतो. आणि कुणी फोन करून "कुठपर्यंत आलात" विचारलं तर अजून जालनाही न गाठलेला माणूस बिनदिक्कत सांगतो, "हे काय, देवगाव फाट्यावर हाय, तासाभरात पोचतो." मीही आयुष्यभर हेच सांगत आलो.

त्यामुळं भाचीच्या लग्नाला मी नाशिकहून निघालो तो निवांत, चहा-पोहे खाऊन, गाडी धुऊन. बायको दारात उभी राहून धुसफुसत होती. भाची म्हणजे माझ्या आक्काची एकुलती एक. दाजी गेले तेव्हा ती बालवाडीत होती. तिचं शाळेत नाव घालण्यापासून स्थळ बघण्यापर्यंत सगळं मी केलं. तिला बोहल्यापर्यंत न्यायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान. तो मान दुसऱ्या कुणी घेतला असता तर ते मला जन्मभर सललं असतं.

महामार्गाला लागलो आणि आक्काचा फोन आला. "भटजीला मानवतला दुसरं लगीन हाय. यावेळी साडेबारा म्हंजी साडेबाराच. कुठं हायस?"

गाडी दामटली. रस्ता कसा, आरशासारखा. वरच्या लाल-पांढऱ्या दिव्यांच्या वेगमर्यादेच्या पाटीवर एकशेवीस होतं, तेवढ्यावर काटा ठेवला. पुढच्या पाटीवर एकदम ऐंशी आलं. त्याच्या पुढच्या पाटीवर साठ. समोर औषधालाही गाडी नव्हती.

"बिघडलीय पाटी," मी म्हणालो. "न्हाईतर दंड वसूल करायचा धंदा हाय. आकडा वाढवून-कमी करून सांगायची सवयच हाय सगळ्यांना."

"तुमाला हाय ती सवय," बायको म्हणाली. "हळू घ्या."

"अगं, मुहूर्त..."

"पंगतीला वाढता ना तुमी? आत ताटं उठली न्हाईत तर दारातल्या लोकांना काय सांगता? जरा दमानं या. सगळे एकदम घुसले तर कुणालाच बसायला मिळत न्हाई. पुढं काहीतरी अडलं असंल. ती पाटी दारात उभी हाय, आपण आत काय चाललंय ते बघितलंय का?"

मी कमी केलं, पण मनात तिला आणि पाटीला मिळून शिव्याच घातल्या. साठनं चालणं म्हणजे बैलगाडीत बसल्यासारखं वाटायला लागलं. बाजूनं गाड्या सुंसुं करत जायला लागल्या. एक पांढरी गाडी तर हॉर्न वाजवत गेली आणि आतल्या माणसानं हात हलवून मला वेडा ठरवलं. मी लय चिडलो. स्टिअरिंगवर बुक्की मारली.

चढ संपला आणि खाली दिसलं ते बघून माझा रागच गळाला. कांद्याचा ट्रक आडवा झाला होता आणि दोन पट्ट्यांवर नुसता कांदा. जोरात आलेल्यांनी करकचून ब्रेक मारले होते, गाड्या एकावर एक आदळल्या होत्या. ती पांढरी गाडी पुढून चेपली होती आणि तिचा मालक कडेच्या कठड्यावर डोकं धरून बसला होता. नशीब, कुणाला फार लागलं नव्हतं. आम्ही रमतगमत तिथं पोचलो तोवर कामगारांनी एक पट्टी मोकळी केली होती. हातानं खूण केली आणि आम्ही न थांबता पार झालो.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पाटीवरचा आकडा कमी करून मागच्यांना तिथं दोन-चार मिनिटं उशीर करायला लावतात, म्हणजे पुढची गर्दी वाढत न्हाई आणि सगळे चालते राहतात. रस्ता मोकळा दिसतोय तिथंच तो आकडा पाळायचा असतो. मी बायकोला म्हणालो, "बरं झालं तुझं ऐकलं." ती म्हणाली, "गाडी बघा."

देवगाव फाट्याच्या अलीकडं, मंठ्याला पोचलो तेव्हा आक्काचा पुन्हा फोन. जीभ सवयीनं देवगाव फाटा म्हणणार होती, पण त्या दिवशी खोटं बोलायची इच्छाच राहिली नव्हती. म्हणालो, "मंठ्याला हाय, आक्का. निघालोय."

आक्कानं हिशेब लावला. भाऊ मंठा म्हणतोय, म्हणजे अजून संभाजीनगरातच असणार. तिनं कपाळावर हात मारला आणि माझा मान गावातल्या एका चुलतभावाला द्यायचं ठरवलं. हे मला देवगाव फाटा ओलांडल्यावर एका पाहुण्याच्या फोनवरून कळलं. मी परत आक्काला फोन लावला, पण मांडवातल्या बँडमध्ये तिला तो ऐकू जाईना. सेलू गेलं, पेडगाव आलं. डोळ्यांसमोर भाचीच्या मागं दुसराच माणूस उभा दिसत होता.

मांडवात शिरलो तर लाऊडस्पीकरवर भटजी, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन या" असं बहुधा चौथ्यांदा ओरडत होते. खोलीच्या दारात चुलतभाऊ नारळ घेऊन ताटकळत उभा होता. "ती हलायलाच तयार न्हाई," तो म्हणाला आणि नारळ माझ्या हातात दिला.

भाची आत पाटावर बसली होती. आक्का दमली होती, रडकुंडीला आली होती. "आमाला वाटलं तू नेहमीसारखा..." एवढंच म्हणाली.

भाचीनं माझ्याकडं बघितलं. "मामा, तुमी मंठा म्हणलात म्हणून थांबले. फाटा तर तुमी नेहमीच म्हणता; तसं म्हणला असतात तर केव्हाच उठले असते."

ती उठली, माझा हात धरला. एका हातात तिचा हात, दुसऱ्यात नारळ. डोळे पुसायला हातच मोकळा नव्हता, म्हणून सगळ्या मांडवानं मामाला रडताना पाहिलं. पाहू द्या.