सुलतानपूरचा साफ कापूस

खामगावच्या एका गोदामात कापसाचा ढीग ठेवलेला होता. तो मी साफ केला. झालं ते एवढंच. पण त्यानंतर चार दिवस घरात माझ्याशी कोणी धड बोललं नाही, म्हणून माझी बाजू सांगणं भाग आहे.

आमची नात वैष्णवी चित्रकला शिकून आली आणि चार मैत्रिणींना घेऊन तिनं खामगावात कापसाच्या जिनिंगचं एक बंद पडलेलं गोदाम भाड्यानं घेतलं. त्याला त्या गॅलरी म्हणतात. तिथं मालक नाही, साहेब नाही, शिपाई नाही. झाडू पोरीच मारतात, खिळे पोरीच ठोकतात, आणि पाहायला कोणी आलं नाही तर पाहतातही पोरीच! मला वाटलं होतं, भिंतीवर मोर असतील, एखादा सूर्य मावळत असेल. पहिल्यांदा गेलो तर काचेच्या पेटीत वीटभट्टीवरच्या बाईची फाटकी चप्पल.

"काय वं पोट्टे," मी म्हणालो, "ही चप्पल पाहायले लोकं येतीन?"

"आबा, ज्याईच्या कामाकडं कोनी पाहत नाई, त्याईचं काम इथं दाखवतो आमी."

"मंग चपलीले निदान टाका तरी मारून ठेवा!"

वैष्णवीचा बाप, म्हणजे आमचा मुलगा, चिखलीला शाळेत क्लार्क आहे. त्याला हे काही पटत नव्हतं. शेवटी बापलेकीत ठरलं की यंदाचं एक प्रदर्शन होऊ द्यायचं. लोक आले तर ठीक. नाही आले तर वैष्णवीनं गोदामाला कुलूप लावून गुपचूप बँकेच्या परीक्षेला बसायचं. त्यानं फॉर्म भरून, फोटो चिकटवून कपाटावर ठेवलाही होता. फक्त पोरीची सही बाकी होती.

तर यंदाच्या कापसाच्या वेचणीत पोरगी महिनाभर सुलतानपूरला आमच्याकडं येऊन राहिली. रोज बायांसोबत वावरात. मला वाटलं, चला, शेतीची गोडी लागली. मीही रोज बांधावर बसून हाका मारायचो, "साफ वेचा वं! पाला नको, कवडी नको!" (कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. तो चांगल्यात मिसळला की गाडीभर माल बदनाम होतो.) चौथीत शाळा सोडली मी, पण माझ्या कापसात काडी निघाली असं म्हणणारा माणूस खामगावच्या बाजारात अजून जन्मला नाही. आणि बांधावर मी फक्त बसायचो, बरं का. बिडी सोडून मला तीन वर्षं झाली होती. हे म्हातारीला माहीत होतं, चिखलीच्या डॉक्टरला माहीत होतं. फक्त बिडीला कळवायचं राहून गेलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी आणि म्हातारी सकाळीच एसटीनं खामगावला पोचलो. उद्घाटन चार वाजता. फीत कापायला पुढारी वगैरे नाही, आमच्या गावच्या वेचणाऱ्या चौदा बाया येणार होत्या! त्यांची काळी-पिवळी जीप खामगावच्या अलीकडं आठ-दहा कोसांवर बंद पडली. दोन वाजता तसा फोन आला आणि पाचही पोरी धावल्या दुसरी गाडी पाहायला. म्हातारी त्यांच्यासोबत गेली, कारण जिथं गडबड आहे तिथं ती नाही असं होत नाही.

जाताना वैष्णवी म्हणाली, "आबा, इथं खुर्चीवर बसा. कायलेही हात लावू नका."

"मी काय लेकरू हाय?"

"म्हनून तर सांगून राह्यले. लेकरू आयकते."

मी बसलो. दहा मिनिटं नीट बसलो. समोर मधोमध पांढऱ्या चादरीवर कापसाचा कमरेइतका ढीग. त्याच्यापुढं पाटी. चष्मा मी घरी ठेवून आलो होतो (फोटो निघणार होते, आणि चष्म्यात माणूस उगाच म्हातारा दिसतो). पण पाटीवरची वरची ओळ मोठ्या अक्षरात होती, तेवढी लागली: 'सुलतानपूरचा कापूस'. खाली बारीक मुंग्या होत्या. त्यांच्याकडं मी लक्ष दिलं नाही.

छाती फुगली. आमच्या गावचा कापूस, खामगावात, चादरीवर! उठलो आणि सवयीनं ढिगात हात घातला.

आणि हाताला लागला पाला.

आणखी आत हात घातला. काडी! कवडी! बांगडीचा तुकडा! बाईचा गुंडाळलेला केस! बोराची बी, चॉकलेटचा कागद, बोटाला बांधलेली चिंधी, सेफ्टी पिन! असा कापूस बाजारात नेला तर व्यापारी तोंडावर फेकून मारतील. आणि हा कापूस गावाचं नाव लावून, अख्ख्या खामगावसमोर, दोन तासांत! शहरात वाढलेल्या पोरी. त्यांना काय समजतं? बायांनी गोळा करून दिला तसा ओतला असेल. नातीची अब्रू, गावाची अब्रू आणि माझी अब्रू, तिन्ही त्या चादरीवर पसरलेल्या होत्या.

मी धोतर वर खोचलं आणि बसकण मारली.

कापूस साफ करायला चष्मा लागत नाही, बोटं लागतात. मूठभर घ्यायचा, झटकायचा, पिंजायचा, बाजूला ठेवायचा. बोटांना मधूनमधून काही मऊ, चपटं लागत होतं. हुंगून पाहिलं तर बिडीचं थोटूक! असं एक नाही, पंधरा-वीस निघाली. मला इतका राग आला! कापसात बिडी? एक ठिणगी पडली तर? "कोन बेअक्कल हाय हा?" मी रिकाम्या गोदामात मोठ्यानं विचारलं आणि थोटकं बादलीत फेकली.

पावणेचारला ढीग असा झाला होता, जसा दुधावरचा फेस. तेवढ्यात बाहेर घंटागाडी गाणं वाजवत आली. मी धावत जाऊन अख्खी बादली तिच्यात रिकामी केली आणि हात झटकून खुर्चीवर येऊन बसलो. साहेबासारखा.

गाडी आली. बाया उतरल्या, पोरी उतरल्या, म्हातारी उतरली. खामगावातली चाळीस-पन्नास माणसंही जमली होती. वैष्णवी दारात आली आणि थांबली.

"आबा."

"बोल."

"हे काय केलं?"

"थँक्यू म्हन आंधी. एक काडी दाखव त्याच्यात!"

"आबा, पाटी वाचली नाई काय?"

"वाचली ना. सुलतानपूरचा कापूस."

तिनं खालची ओळ वाचून दाखवली. आवाज चढवला नाही, उलट फार हळू वाचली, म्हणून ती जास्त लागली. "वेचताना चौदा बायांच्या हातून या कापसात काय काय सांडलं, ते शोधून पाहा. कृपया यातला कचरा काढू नये."

आता बोला!

म्हणजे त्या बांगडीच्या तुकड्यासाठीच तो कापूस होता. पोरीनं महिनाभर बायांसोबत वावरात बसून एकेक वस्तू वहीत लिहून ठेवली होती, कुणाची, कोणत्या ओळीत पडली. ते सगळं आता नगरपालिकेच्या गाडीत गाणं ऐकत चाललं होतं! एक मैत्रीण चप्पल न घालताच पळाली, पण गाडी कधीच निघून गेली होती. वैष्णवी भिंतीला टेकून उभी राहिली. मला चिखलीतला, कपाटावरचा फॉर्म दिसला. त्या एका गोष्टीला मला चष्मा लागला नाही.

"मंग आता काय पाहायचं?" गर्दीतला एक जण म्हणाला. "निस्ता कापूस?" दोघंतिघं वळलेही.

तेव्हा कांताबाई पुढं झाली. आमच्या वावरात तीस वर्षं वेचते ती. आवाज असा की तीन वावरं पलीकडचा बैल थांबतो.

"जाता कुठं बापा? बसा!" ती म्हणाली आणि स्वतः ढिगाशेजारी मांडी घालून बसली. "चिजा गेल्या, तोंड त हाय ना आमाले! इथं, या अंगाले माह्या बांगडीचा तुकडा होता. हिरवा. दिवाळीत लेकीनं भरल्या होत्या. बोंडाच्या काट्यात मनगट अडकलं अन् फुटली. चिंधी होती ते शेवंताची, बोट चिरलं होतं तिचं. चाकलेटचा कागद या बुढीच्या नातवाचा. तसंच आनीन म्हनून हिनं कबूल केलं होतं त्याले, मंग कागदच ओटीत ठेवून फिरे, इसरू नाई म्हनून."

एकेक बाई बसत गेली, सांगत गेली. हसत सांगितलं, मधेच एकीनं डोळे पुसले. वळलेली माणसं चपला काढून चादरीच्या कडेला बसली. आलेले फोन करून घरच्यांना बोलवायला लागले. वैष्णवीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मीही हळूच सावरून बसलो. म्हटलं, आबा, सुटलास!

"आमचं काही आता परत येत नाई," कांताबाई शेवटी म्हणाली. "बांगडी काही बसल्या बसल्या फुटत नसते. पन आबाजीच्या बिडीची थोटकं त अजून ढीगभर भेटतीन! रोज बांधावर पडत, तेथून वाऱ्यानं कापसात."



"कोन्या आबाजीची?" आमची म्हातारी.

"आता हेच ना आपले. ओयखू येतेत ना दुरून! समोरचे दोन दात नाईत, दाढेत धरतेत, म्हनून चपटी."

म्हातारी माझ्याकडं वळली. "तीन वर्सं झाली म्हने सोडून?"

"ते... जुनी असतीन."

"यंदाच्या कापसात?"

मी चादरीकडं पाहिलं. इतका साफ कापूस, लपायला एक पालासुद्धा ठेवला नव्हता मी!

त्याच संध्याकाळी म्हातारीनं चिखलीला मुलाला फोन लावला. "तो फॉर्म राहू दे," ती म्हणाली. "पोट्टीनं महिनाभरात जे शोधून काढलं, ते मले तीन वर्सांत सापडलं नाई." फॉर्म अजून कपाटावरच आहे, आता लोणच्याच्या बरणीखाली.

बिडी खरंच सुटली. थोटकं मात्र बांधावर भरपूर शिल्लक होती, ती कांताबाईनंच वेचून आणली. (साफ वेचली. पाला नाही, काडी नाही.) ढिगात ती पुन्हा ठेवली आहेत आणि पाटीवर सगळ्यात खाली, बायांच्या चौदा नावांनंतर, माझंही नाव आहे: 'कचरा: आबा'. ते अक्षर इतकं बारीक आहे की चष्म्याशिवाय मला दिसत नाही, म्हणून मी तिथं चष्मा नेतच नाही. पण उपयोग नाही. म्हातारी दर वेळी ते मोठ्यानं वाचून दाखवते.