दुपट्ट्याखालची मूठ

तुरीचा सौदा रंगात आला होता. समोरचा शेतकरी हटून बसलेला, मीही हटून. तेवढ्यात माझी मुलगी शीतल आत आली आणि म्हणाली, "बाबा, गुलाबकाका गेले." मी त्या माणसाला म्हणालो, "तू म्हणतो तो भाव." हे वाक्य माझ्या तोंडून आजवर कधी निघालं नव्हतं. गुलाबराव ऐकायला असते, तर मला दवाखान्यात घेऊन गेले असते.

नांदुऱ्यात आम्हा दोघांचा भागीदारीत धान्याचा व्यापार. मी हमाली करून वर आलो, त्यामुळे तोंड माझं चालायचं आणि डोकंही लवकर तापायचं. गुलाबराव शेजारी शांत बसायचे. आमच्या दोघांमध्ये गादीवर त्यांचा खांद्यावरचा दुपट्टा पसरलेला असायचा आणि त्याखाली आमचे हात. त्यांनी माझं एक बोट दाबलं की घ्यायचं. अख्खी मूठ दाबली की सोडायचं. जुन्या बाजारात रुमालाखाली भाव ठरत, त्यातलीच ही आमची घरगुती रीत. समोरच्याला कधी कळली नाही.

शीतलचे हात जन्मापासून आखडलेले. ती पेन धरते, पण थोड्याच वेळात बोटं घट्ट मिटतात आणि उघडत नाहीत. कॉलेजात तिने परीक्षेसाठी लेखनिक मागितला, तो नाकारला गेला. सही स्वतः करते, म्हणजे लिहिता येतं, असं कारण दिलं. आम्ही विद्यापीठाच्या समितीकडे अपील केलं. सुनावणीच्या सकाळी गुलाबराव न बोलावता इस्त्रीचे कपडे घालून दारात हजर. "तू एकटा गेला तं टेबल उलटं करून येशीन बे," म्हणाले. मी तर आठवडाभर भाषण पाठ केलं होतं.

समितीच्या अध्यक्ष मॅडम समजूतदार वाटल्या. म्हणाल्या, "लेखनिकाचं राहू द्या. आपण जास्तीचा वेळ देऊ. मधला मार्ग." मला बरं वाटलं. जिथे काहीच मिळत नव्हतं तिथे अर्धं मिळत होतं, आणि बाजारात असा सौदा कोणी सोडत नाही. 'चालेल' म्हणायला मी तोंड उघडलं आणि मांडीवर दुपट्टा येऊन पडला. त्याखाली माझी मूठ अशी दाबली गेली की अंगठी रुतली. गुलाबराव म्हणाले, "पोरीले इचारा ना मॅडम. पेपर तिचा हाय."

तोवर आम्ही सगळे शीतलविषयी बोलत होतो, शीतलशी कोणीच नाही...

ती म्हणाली, "मॅडम, माझा हात पहिल्याच उत्तरात थांबतो. वेळ वाढवून दिला, तर त्या थांबलेल्या हाताकडे मी आणखी वेळ बघत बसेन."

मॅडमनी चष्मा पुसला, आधीचा निर्णय पुन्हा वाचला. लेखनिक मिळाला. वेळही मिळाला.

बाहेर चहाच्या टपरीवर मी भांडलो. "मले बोलू काऊन नाही देल्लं?"

"तू भाव करायले बसला होता," बशीत फुंकर घालत ते म्हणाले. "हे तं तिच्या हक्काचं होतं. हक्काचा भाव करतेत काय बे?"

माझा राग काही गेला नाही. आजही नाही. पोरगी माझी, अपील माझं आणि गावभर नाव झालं गुलाबरावांचं. तेरवीलाही लोक हाच किस्सा सांगत होते आणि मी मान हलवत बसलो होतो. ते भाषण मला अजून तोंडपाठ आहे. एकदा बसवून ऐकवायचं होतं त्यांना... राहून गेलं.

शीतल पदवीधर झाली. आता गादीवर गुलाबरावांच्या जागी ती बसते. त्यांचा दुपट्टा त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनीच, आणून दिला. परवा एक व्यापारी हरभरा पडत्या भावात मागत होता. मी कंटाळलो होतो, 'चालेल' म्हणणारच होतो. तेवढ्यात दुपट्ट्याखाली शीतलचा हात आला. माझी मूठ तिच्या बोटांत मावत नाही, म्हणून तिने आपली मिटलेली मूठच माझ्या हातावर टेकवली आणि सगळा भार दिला.

ही खूण गुलाबरावांनी तिला कधी शिकवली, मला माहीत नाही. मला विचारण्याची त्यांना गरज वाटली नसणार.

मी सौदा सोडला.