आमच्याच पेठेवर पेनल्टी

माझी नात सतरा वर्षांची आहे आणि ती बसत नाही. म्हणजे खुर्चीवर टेकते, पण एक पाय हलत असतो. जेवता जेवता उठते, पाणी पिऊन येते, मोबाइल बघते, परत उठते. अकरावीला सायन्स घेतलं ते मैत्रिणींनी घेतलं म्हणून. दिवाळीत तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. संक्रांतीला घरांचे नकाशे काढायचे होते. शिमग्याला म्हणाली, "आजी, मला कायच व्हायचं न्हाय." आणि उन्हाळ्यात कुठल्याशा शिबिराला आठवडाभर गेली ती गळ्यात शिट्टी घालूनच परत आली.

"मी रेफ्री होणार."

फुटबॉलची रेफ्री. तीही मंगळवार पेठेत राहून.

कोल्हापूरबाहेरच्यांना यातली गंमत कळायची नाही. आमच्याकडं पेठेपेठेचे संघ. मॅच असली की माणूस आधी पेठेचा, मग घरचा. रेफ्री तेवढा कुणाचाच नसतो, त्यामुळं दोन्हीकडच्या शिव्या एकट्यानं खातो. त्या शिव्या घालण्यात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही. माझा मुलगा, म्हणजे या पोरीचा बाप, तरुणपणी आमच्या मंडळाचा, म्हणजे पेठेच्या संघाचा, गोलकीपर होता. त्या काळच्या एका रेफ्रीला तो अजून रस्त्यात ओळख देत नाही. मीही काही कमी नाही. माझा आवाज मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जातो, असं म्हणतात. मी लाजते, पण खोडून काढत नाही.

बाप ताटावरच भडकला. "शिट्टी फुंकून पोट भरतंय व्हय? बारावीचं वर्ष हाय. क्लासची फी काय शिट्टीनं भरलीया?"

"पोट भरायला दुसरं काय तरी करतो की, पप्पा. हे पण करतो."

आमच्याकडच्या पोरी 'जातो', 'करतो' असंच बोलतात. पेठेत कुणाकडं पुण्याची सून आली की दचकते.

"दुसरं म्हणजे काय?"

"ते अजून ठरायचंय."

"सगळं ठरायचंच हाय तुझं!"

दोन दिवस घरात भांडी जोरात वाजत होती. शेवटी बापानं सौदा केला. रविवारी चौदा वर्षांखालच्या पोरांची मॅच होती, आणि शिबिरातल्या सरांनी ती हिच्याकडं दिली होती. "ती एक मॅच कर. चांगली झाली तर पुढचं बघू. बोंब झाली तर शिट्टी माझ्या हातात द्यायची आणि गपगुमान अभ्यासाला बसायचं. कबूल?"

"कबूल."

त्यानंतर ती गच्चीवर फेऱ्या मारायला लागली आणि मी खाली. तिचं एक वेळ ठीक आहे. मला काय झालं होतं?

झालं होतं असं की, मला माझं सतरावं आठवत होतं. मी कोडोलीची. त्या वयात मी इतकी गुणी होते की मला माझाच पत्ता नव्हता. इचलकरंजीहून आत्या आली आणि मागांच्या गोष्टी सांगून गेली, की मी माग टाकणार. शाळेत नवीन बाई आल्या, की मी बाई होणार. मामीला बाळ झालं, तिच्याबरोबर दवाखान्यात बसले, आठ दिवस मी नर्स. जो शेवटचा बोलून जाईल त्याच्यासारखी मी. शिवाय आमच्या आळीत पोरींचा लगोरीचा डाव असला की निवाड्याला मलाच बसवायच्या, कारण मी कुणाला दुखवत नसे. म्हणजे ज्या पोरीच्या ओच्यात चिंचा जास्त, तिचा डाव बरोबर. आंबट तोंडानं मी असे काही निकाल देत असे की कोर्टानं शिकावं! आणि मला बघायला पावणं आले, त्यांनी विचारलं, "पुढं काय करावंसं वाटतंय?" तर मी आईच्या तोंडाकडं बघितलं. आई म्हणाली, "तिला स्वयंपाकाची आवड हाय." मी मान डोलावली. मला साधी आमटी येत नव्हती.

तर, रविवार.

बाप म्हणाला, "पोरीची फजिती बघायला मी येत न्हाय." मी मात्र रिक्षा करून गेले आणि गोलच्या मागं, झाडाच्या सावलीत बसले. कुणी ओळखू नये म्हणून डोक्यावरून पदर घेतला. पाच मिनिटांत चार जणांनी हाक मारली.

तिथं गेल्यावर कळलं की आमच्याच मंडळाची पोरं खेळणार आहेत. सरांनी तिला दुसरीच मॅच दिली होती. ह्या मॅचचा रेफ्री तापानं आडवा पडला, वेळापत्रक उलटंपालटं झालं आणि हिला इकडं उभी केली. तिचा चेहरा बघितला मी. पांढरा झाला होता. काळ्या कपड्यात आणखीच पांढरा.

पलीकडच्या पेठेतला एक मिशीवाला लगेच सुरू झाला. "आता बघा की गंमत! रेफ्री घरचीच हाय त्यांची!"

पहिला अर्धा वेळ बरा गेला. एक गोल त्यांचा, एक आमचा. आमच्या संघातल्या एका पोराला पिवळं कार्ड दाखवलं तेव्हा मिशीवाला जरा गप्प झाला. मग ऊन उतरलं, पोरं दमली, बॉल नुसता इकडून तिकडं उडायला लागला. मॅच संपायला आली आणि एक बॉल उंच आमच्या गोलकडं, मी बसले होते त्याच बाजूला, आला. आमचा एक बारका बॅक, बचावातलं पोरगं, तेरा वर्षांचं असेल, गोलकडं तोंड करून बॉलखाली पळालं. बॉल त्याच्या अंगाला लागून बाहेर गेला.

शिट्टी वाजली. नात लांब होती, मैदानाच्या मध्याजवळ. तिथूनच तिनं हात केला. हँड, म्हणजे बॉल हाताला लागला. पेनल्टी.

"ए आंधळे!" मी उठून ओरडले. "डोळं हायत का बटणं?"

सगळे माझ्याकडं वळले. मग मला आठवलं की ती आंधळी माझ्याच घरात जेवते. मी खाली बसले आणि पदर आणखी पुढं ओढला.

ते पोरगं रडकुंडीला आलं. छातीवर हात आपटून दाखवत होतं, इथं लागला, इथं. नातीनं त्याच्याकडं बघितलं नाही. पेनल्टी गेली आत. आम्ही हरलो.

आणि मग टाळ्या झाल्या. पलीकडच्या पेठेच्या. तो मिशीवाला उभा राहिला आणि म्हणाला, "पोरगी खमकी हाय! आपली पेठ बी सोडली न्हाय!" ते ऐकून माझ्या नातीची मान ताठ झाली. मी गोलच्या मागून बघत होते. मला त्या ताठ मानेनं घाबरवलं.

संध्याकाळी घरात लग्नाचं घर असल्यासारखी धांदल. हिच्या मोबाइलवर शाबासक्या. सरांचा फोन आला, पुढच्या रविवारीही मॅच देतो म्हणून. बापाला कुणीकुणी गाठून सांगितलं होतं, पोरगी न्यायाची हाय. तो पेढे घेऊन आला. हरल्याचे पेढे आमच्या घरात पहिल्यांदाच आले असतील. म्हणाला, "गल्लीतली पोरं चिडल्यात. चिडू देत. सौदा म्हणजे सौदा. मॅच चांगली झाली म्हणत्यात सगळे."

नातीनं पेढा हातात घेतला आणि तसाच धरून गच्चीवर गेली. मीही गुडघे धरत गेले. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती.

"आजी, तू गोलच्या मागंच बसलीवतीस न्हवं?"

"व्हय."

"हात होता का?"

आता काय सांगू? मला स्वच्छ दिसलं होतं. बॉल छातीला लागला होता, पोराचे दोन्ही हात खाली होते. पण खरं सांगावं तर सौदा मोडला, शिट्टी गेली. पोरीला वर्षभरात पहिल्यांदा एखादी गोष्ट मनापासून हवी होती. माझ्या आतली कोडोलीची पोर लगेच तयार झाली, गोड बोलायला. काय जातंय? 'व्हय बाई, हातच होता' म्हणायचं आणि खाली जाऊन पेढा खायचा. कुणाला दुखवायचं नाही. हेच तर आयुष्यभर केलं मी, आणि लोक मला स्वभावानं चांगली म्हणतात.

"छातीला लागला," मी म्हटलं.

ती थांबली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पुरती थांबली.

"मला दिसलंच न्हवतं, आजी. त्या पोराची पाठ दिसली. आणि आपली जर्सी दिसली. वाटलं, दिली न्हाय तर म्हणतील, घरचीच हाय." मग परत चालायला लागली. "म्हणजे मी बॉल बघतच न्हवतो. लोकांस्नी बघत होतो. मला कोण काय म्हणतंय तेच ऐकत होतो. असला रेफ्री असतो व्हय?"

काहीतरी शहाणपणाचं बोलावं असं मला फार वाटलं. "पेढा खा, वितळायलाय," म्हटलं.

सकाळी ती आपण होऊन बापासमोर गेली. तो पोहे खात होता. तिनं शिट्टी काढून टेबलावर ठेवली.

"पप्पा, पेनल्टी चुकीची होती. मी न बघता दिली. आपल्या मंडळावर दिली की लोक चांगलं म्हणतील, म्हणून दिली."

बापाचा घास तसाच राहिला. "मग कालचे पेढे कशाचे?"

"ते तुम्ही आणलासा."

मी पदरात हसले. बाप हसला नाही. शिट्टीकडं बघत राहिला. ती म्हणाली, "त्या पोराला सांगून येतो," आणि जिना उतरली.

मी गॅलरीत धावले, म्हणजे माझ्या वेगानं. कोपऱ्यावर पोरांचा घोळका होता. ती दिसताच एकानं शिट्टीचा आवाज काढला, दुसरा ओरडला, "पावणं आले, पावणं! पलीकडच्या पेठेचं!" ती त्या बारक्या बॅकपुढं जाऊन उभी राहिली. काय बोलली ते वरपर्यंत आलं नाही. त्याचं मात्र सगळं आलं, कारण तो आमच्या पेठेचा आहे.

"मग मी काय सांगत होतो? छातीवर वळ बी हुता! सगळी मला हसली की! आता सांगून काय, निकाल बदलतोय व्हय?"

ती नाही म्हणाली असावी. तो आणखी बराच वेळ ओरडला. बाकीचीही ओरडली. ती उभी राहून ऐकत होती. एकदाही पाय हलला नाही तिचा. दमल्यावर पोरगं म्हणालं, "लांबनं शिट्टी मारतासा तुम्ही, ताई. पळा की जरा!" आणि बॉल लाथाडून निघून गेलं. माफ केलं का, ते तिलाही कळलं नसणार.

वर आली तर बापानं पोह्याचं ताट बाजूला सारलेलं. दोन वाट्या गोलच्या खांबांसारख्या मांडल्या होत्या, मध्ये त्या बारक्या बॅकच्या जागी लिंबाची फोड.

"तू उभी कुठं होतीस?"

तिनं आपल्या जागी चमचा ठेवला.

"एवढ्या लांब? अगं, बॉल उडाला तेव्हाच पळायला पायजे होतीस. हितं. हितनं त्याची छाती दिसली असती."

"हितनं पण दिसत न्हवतं, पप्पा. मधी त्यांचा फॉरवर्ड होता." तिनं मिठाची डबी मध्ये ठेवली.

"मग बाजूनं ये की! हे बघ..."

"पण तुम्ही सौद्याप्रमाणं शिट्टी घ्या आधी."

"थांब गं, ते बघू. हा फॉरवर्ड कुठल्या पायानं खेळत होता?"

चहा निवला. दोघांचे आवाज वाढले. क्लासची वेळ झाली तेव्हा ती दप्तर घेऊन उठली, टेबलाशी घुटमळली, शिट्टी उचलली आणि बापाकडं बघितलं. तो लिंबाची फोड सरकवत होता.

"रविवारी क्लासची टेस्ट हाय न्हवं तुझी?"

"सकाळी हाय."

"आणि मॅच?"

"चारला!" ती जिन्यातून ओरडली.