माझं आडनाव टाक

इथे मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. तीन वर्षं नावांवरूनच डोकं पिकलंय माझं.

मी कॅनडातल्या किचनरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. संध्याकाळी पोराचं जेवण आटपलं की बेसमेंटमध्ये बसून स्वतःच्या चुका करायच्या. तिथे मी एक व्हिज्युअल नॉव्हेल बनवत होते. ह्या गेममध्ये गोळीबार नाही की धावाधाव नाही. पडद्यावर चित्र, खाली संवाद. क्लिक केलं की पुढचं वाक्य, आणि मधूनमधून 'आता काय करशील?' असं विचारून दोन पर्याय. माझ्या गेममधली मुलगी नोकरीसाठी नागपूरहून पुण्याला येते आणि भाड्याची खोली शोधते. बस्स, एवढीच गोष्ट. सुरुवातीला खेळणाऱ्यानं नाव आणि आडनाव टाकायचं, आणि त्या आडनावावरून घरमालकिणी काय बोलतील ते ठरतं. हे कुठून सुचलं म्हणून काय विचारता! मी शोधलीये ना ती खोली.

"सहा महिन्यांत होईल," असं मी नवऱ्याला सांगितलं होतं. काय बोलून बसले होते बाई मी! चित्रं काढायला टोरांटोतल्या स्कारबरोचा एक आर्टिस्ट धरला. गुणी माणूस, पण पुणं त्यानं कधी पाहिलेलं नाही. पहिल्याच चित्रात त्यानं पेठेतल्या गल्लीत नारळाची झाडं लावली आणि मुलीला लग्नातले दागिने घातले. ती खोली शोधायला निघालीये रे बाबा, हळदीला नाही! ते निस्तरलं, तर पडद्यावरची मराठी अक्षरं तुटायला लागली. जोडाक्षरं सुटी, वेलांट्या भलतीकडेच. ते जुळवण्यात अख्खा हिवाळा गेला आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचं काम नवऱ्याच्या गळ्यात पडलं. पोरगा जिन्यावरून डोकावून विचारायचा, "आई, इज इट डन?" नाही रे राजा, नाही.

बरे दिवस आलेच नाहीत असं नाही. आमच्या समाजाच्या असोसिएशनच्या कार्यक्रमात अर्धा गेम दाखवला, तेव्हा आमच्याकडच्या एक काकू तिसऱ्या घरमालकिणीवर इतक्या चिडल्या की पडद्याशीच भांडायला लागल्या. त्या दिवशी घरी येताना मी गाडीत मोठमोठ्यानं गाणी म्हटली. मग ऑफिसातल्या एका गोऱ्यानं इंग्रजी भाषांतर लावून खेळून पाहिला. त्यानं स्वतःचं आडनाव टाकलं, आणि घरमालकिणीनं त्याला लगेच खोली दिली, वर वॉशरूम वेस्टर्न आहे हेही आवर्जून सांगितलं. तसं मीच लिहिलं होतं. "लव्हली लेडी," म्हणाला. मी हसले. हसून हसूनही माणूस थकतो.

शेवटी गेम पुरा झाला, पण माझ्यात दम उरला नव्हता. नवरा म्हणायचा, "आता टाक ना ऑनलाइन. बटण दाब नि मोकळी हो." पण मला तो आधी माझ्या मैत्रिणीला दाखवायचा होता. ती पुण्याची, माझ्याच ऑफिसात. रोज आम्ही तिच्या गाडीनं जातो-येतो. पोरगा झाला तेव्हा डिंकाचे लाडू घेऊन आली ती हीच, आणि त्याला पहिली आंघोळही हिनंच घातली. माझं सगळं तिला माहीत होतं, फक्त पुण्यातलं ते वर्ष सोडून. सांगायला गेले की वाटायचं, ही म्हणेल, "काहीतरीच काय, आमच्या पुण्यात?" आणि तिनं तसं म्हटलं असतं, तर माझ्यानं पुन्हा तिच्या गाडीत बसवलं नसतं. ह्याचीच भीती होती. बाकी गेम चालो न चालो.

शनिवारी दुपारी तिला बोलावलं, बेसमेंटमध्ये माझ्या खुर्चीत बसवलं आणि चहा करायला वर गेले.

"अगं, संपला!" मी कप घेऊन खाली येते तोच ती म्हणाली. "पहिल्याच घरी रूम मिळाली. मावशी किती गोड आहेत! पण एवढ्याला तीन वर्षं लागली तुला?"

मी कप टेबलावर ठेवले आणि पडद्याकडे पाहिलं. तिनं स्वतःचं आडनाव टाकलं होतं. दुसरं काय टाकणार होती बिचारी! मरमर मरून मी असा गेम केला होता, की जिला दाखवायचा तिलाच तो दिसणार नव्हता. आणि म्हणे मी टेस्टिंग करते!

"मोठा गेम दुसऱ्या आडनावांना आहे," मी म्हटलं.

"मग कुणाचं टाकू?"

"माझं टाक."

ती हसली आणि टाकलं. त्याच गोड मावशी म्हणाल्या, 'अगंबाई, खोली कालच दिली हो.'

"आत्ता तर होती!" मैत्रीण म्हणाली.

दुसऱ्या घरी 'तुमच्यात काय काय खातात?' तिसऱ्या घरी दार पुरतं उघडलंच नाही. तिचा चहा निवत चालला होता. चौथ्या घरी गेम पर्याय देतो, खरं आडनाव सांग नाहीतर खोटं. तिनं खोटं निवडलं आणि तिथे स्वतःचं आडनाव टाकलं. खोली मिळाली. "हुश्श!" ती म्हणाली.

मग गेममधल्या मुलीला आईचा फोन येतो. 'जयभीम बेटा. उद्या येऊन राहिली मी, तुयी खोली पाहाले.' खाली दोन पर्याय. 'ये गं आई.' किंवा 'तू नको येऊ, मीच स्टेशनवर भेटायला येते.'

मैत्रिणीनं जराही न थांबता दुसरा दाबला.

"का गं?" मी विचारलं.

"अगं, त्या दारातच जयभीम म्हणाल्या तर? रूम जाईल ना हातची!"

बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते तिलाच ऐकू आलं. मला रागही आला आणि तिची दयाही आली. एक कप चहा निवेपर्यंत ती हे शिकली होती.

निवलेला कप बाजूला सारून तिनं विचारलं, "तुझ्या आई आल्या होत्या?"

"आली होती. मी वर घेऊन गेले तिला."

"मग?"

"मग काय. संध्याकाळी मालकिणबाईंना खोली अचानक पुतण्यासाठी लागली."

"ह्यात मागे कसं जायचं?"

मी बटण दाखवलं. ती मागे गेली आणि तिनं 'ये गं आई' निवडलं. आई पिशवी घेऊन जिना चढली. घरमालकिणीनं दार उघडलं. आईनं पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि हसून म्हणाली, 'जयभीम, ताई.' पुढचं वाक्य घरमालकिणीचं. क्लिक केल्याशिवाय ते येत नाही.

"कर की पुढे," मी म्हटलं. मला ते वाक्य पाठ होतं.

तिनं माउसवरचा हात काढून घेतला.

"थांब गं," ती म्हणाली. "उभं राहू दे आईंना जरा."