ग्रहणातली भाजी

हॉस्पिटलची आठवण म्हटल्यावर रुमाल काढलात ना? ठेवा खिशात, ही भांडणाची आहे. परवा बहिणीला इंजेक्शनला नेलं आणि स्पिरिटच्या वासाने खारबावची आत्याच आठवली. अजून डोकं फिरतं.

तेव्हा बहीण तीन दिवसांची होती. तिची अन्ननलिका जन्मतःच अर्धवट, दूध पोटात जाईना. आत तिचं ऑपरेशन चालू, आणि बाहेर आत्या आईला ऐकवतेय, "ग्रहनात भाजी चिरलीस, म्हनून पोरीची नळी तुटली. सांगितलेलं ऐकाया नको!"

आत्या चहाला गेली. आईला हसवायचं म्हणून मी डोक्यावर टॉवेल घेऊन, हात नाचवत, "ग्रहनात भाजी चिरलीस!" म्हणत तिची हुबेहूब नक्कल केली. बाकावरचे सगळे हसले.

आईने थोबाडीत दिली. "तिचं ऐकून घेतलं. आता तुझ्या तोंडून पन तेच ऐकू?"