दुसऱ्याचा ग्राहक क्रमांक

माईकसमोर मी बारा आकडे म्हटले. एकही चुकला नाही. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आमचा घरमालक उठला. म्हणाला, "साहेब, ह्यो नंबर माजा हाय."

सगळं सभागृह हसलं.

विजेच्या दराची सुनावणी होती ती. दर वाढवायच्या आधी लोकांचं ऐकून घेतात, म्हणून तिला सुनावणी म्हणतात. वरच्या टेबलामागे तीन साहेब. मधल्या साहेबांनी विचारलं, "ह्या कोण?" मला नाही विचारलं. त्याला विचारलं.

"माजी भाडोत्री. डोंगरातली हाय. कुनीतरी शिकवून उभी केली. युनिट म्हंजे काय, एवढं इचारा तिला."

साहेबांनी तेही विचारलं नाही. "बाई, मीटर तुमच्या नावावर नाही. तुम्ही ग्राहक नाही. बसा."

एका माणसाने माईक माझ्यापुढून उचलून नेला. मी आठ दिवस पाठ केलेलं सगळं तोंडातच राहिलं.

युनिट म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार लोकांत बोलायची सवय नाही. पण लाइटीचं मला कळतं, कारण शेलार गावातल्या पत्र्याच्या चाळीत मी नऊ वर्षं राहते. बारा खोल्या आणि मीटर एक. ते दादांच्या, म्हणजे मालकाच्या नावावर. प्रत्येक खोलीत त्यांनी आपला छोटा मीटर लावलाय. त्यावरून ते पैसे घेतात. दर त्यांचा. वीज कमी वापरली तर दर कमी पडतो, असा नियम आहे. पण आमच्या बारा घरांचे युनिट एकाच मीटरवर चढतात. म्हणून एक बल्ब आणि एक पंखा लावणारी माझी खोली सगळ्यांत महाग दरात जाते. वर दादा आपलं लावतात ते वेगळं.

हे मला एका ताईने समजावलं होतं. ती वीजग्राहकांच्या संघटनेची. चाळीत येऊन बसायची, चहा घ्यायची. तिचं म्हणणं होतं, प्रत्येक घराला स्वतःचा मीटर मिळाला पाहिजे, मालक हो म्हणो की नाही म्हणो. आणि वीज विकणारी एकच कंपनी नको. एकाकडे महाग पडली तर दुसऱ्याकडून घेता आली पाहिजे. मी म्हटलं, "ताई, बाजारात एका गाडीवर भाजी महाग असली की आम्ही पुढच्या गाडीवर जातो. लाइटीला पुढची गाडीच नाही." ती म्हणाली, "हेच बोला तिथे. पण आधी नाव सांगायचं, मग ग्राहक क्रमांक."

तो क्रमांक मला कुठून असणार? कंपनीचा माणूस फाटकात बिल टाकून जायचा. दादांचा माणूस यायच्या आत मी ते उचललं, आकडे वहीत उतरवले. मला वाटलं, माझ्या घरात जळणाऱ्या लाइटीचा हाच नंबर. घरात लाइट आहे, म्हणजे नंबरही असणार. त्याची एवढी थट्टा होईल असं वाटलं नव्हतं.

माझ्यानंतर दादा बोलले. त्यांचे कापड विणायचे चाळीस लूम आहेत, हायवेवर वडप्याला गोडाऊन आहे. लूमची वीज स्वस्त करा, धंदा बुडतोय, असं ते म्हणाले. बराच वेळ बोलले. साहेबांनी ते लिहून घेतलं. दादांपुढे पाण्याची बाटली ठेवली. वीज स्वस्त पाहिजे हे मीही म्हणणार होते. मागणी एकच. त्यांनी केली तर ते निवेदन, मी केली तर हसू.

येताना ताई वाटभर म्हणत होती, "माझी चूक झाली, नंबर कुणाचा ते मी विचारायला पाहिजे होतं." मला लाज वाटत होती, पण हसले त्याची नाही. माझं म्हणणं मांडायलासुद्धा मी दादांचाच नंबर घेऊन गेले, त्याची.

दोन दिवसांनी दादा चाळीत आले. हातात टाइप केलेला कागद. आम्ही भाडेकरू समाधानी आहोत, वीज योग्य दरात मिळते, आमची कसलीही तक्रार नाही, असं त्यात होतं. मी सगळा वाचला. त्यांना थांबावं लागलं.

"वाचतेस काय गो? अंगठा दे."

"मला सही येते."

"मंग सही कर."

"सही येते म्हणूनच नाही करणार."

आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाला नाही म्हटलं. दरवाज्याला धरून उभी होते.

दादा हसले. "बरं. मंग लाइट दुसरीकडून घे."

"दुसरीकडून मिळाली असती तर तुमच्याकडे कशाला घेतली असती, दादा?"

त्यांनी आपल्या माणसाला नुसती मान हलवून दाखवली. त्याने माझ्या खोलीची वायर कापली.

बाकीच्या अकरा खोल्यांनी सह्या केल्या. शेजारची भाभी जौनपूरची. ती माझ्यासमोर रडली. "दीदी, माफ करना. मेरा आदमी रात पाली करके आता है. दिन में पत्रे के नीचे बिना पंखे के कैसे सोएगा?" मी तिला काय म्हणणार? माझाही नवरा रात्रपाळीच करतो. तो दोन दिवस भिजलेल्या चादरीवर तळमळला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू काय पुढारी हायस का? कर ना सही." मी केली नाही. आता तो लूमच्या कारखान्यातच तागे रचतात तिथे झोपतो. जेवायला घरी येतो, बोलत नाही.

दर वाढला. सुनावणीत लोक काय बोलले ते कागदावर राहिलं असेल. माझं तेवढंही नाही. ताई आता क्वचित येते. दुसरी कंपनी कधी येईल ते ती सांगत नाही, मी विचारत नाही. आली तरी तिची वीज घ्यायला आधी मीटर लागेल, आणि मीटरला मालकाचं नाहरकत पत्र.

माझ्या नावाने मीटरसाठी मी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा वीज कंपनीच्या खिडकीवरच्या माणसाने कागद न बघताच परत सरकवले. "मालक को लेके आओ." पहिल्यांदा मी "हो साहेब" म्हणून आले. दुसऱ्यांदाही तेच म्हटलं. वाटेत स्वतःवर थुंकावंसं वाटलं.

उद्या तिसऱ्यांदा जाणार आहे. मीटर मिळेल असं मला वाटत नाही. नवऱ्याला वाटत नाही, भाभीला वाटत नाही, खरं म्हणजे ताईलाही वाटत नाही. पण उद्या मी कागद परत घेणार नाही. खिडकीसमोरून हलणार नाही. मागची रांग ओरडली तरी नाही. अर्जावर शिक्का मारा म्हणेन. देत नाही असं लिहून द्या म्हणेन, का देत नाही तेही लिहा, खाली तुमची सही करा. आणि वर ज्या बाईला नाही म्हणताय तिचं नाव लिहा. पूर्ण नाव. मी सांगते, तसं लिहा.