भिंगारदिवे, एकत्र लिहा

पाटीकाका कुठल्याही काउंटरपुढे उभे राहिले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "भिंगारदिवे. एकत्र लिहा." समोरच्या मुलीला मराठी कळत नाही हे लक्षात आलं की मग, "नो स्पेस, प्लीज." मुलगी मान डोलवायची आणि हमखास मध्ये जागा सोडायची. काका कागद परत सरकवायचे, मागे रांग वाढायची, आणि मी हातातल्या पिशव्या सावरत मनात म्हणायचे, अहो, जाऊ द्या ना आता! पण जाऊ देतील तर ते काका कसले. नगरच्या छापखान्यात त्यांनी उभी हयात प्रूफं तपासण्यात घालवली होती.

सिंगापुरात टॅम्पिनीसला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्यांची लेक राहायची. बायको गेल्यावर दावीदकाका वर्षातले काही महिने तिच्याकडे येऊ लागले. दर रविवारी ते ज्या चर्चला जात, तिथे लढाईत गेलेल्यांच्या नावांची एक पितळी पाटी होती. त्या पाटीने त्यांना असं काही पछाडलं की आमच्या मजल्यावर ते पाटीकाकाच झाले. पाटीवर अगदी खाली इंग्रजीत कोरलं होतं, 'पी. बी. दिवे'. काकांचं म्हणणं, हे माझे आजोबा, पौलस भिंगारदिवे. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी इस्पितळाच्या तुकडीबरोबर सिंगापूरला आले आणि पुढे त्यांचं काहीच कळलं नाही. नगरला काकांचे वडील, अण्णा, नव्वदीला टेकले होते. आपला बाप कुठे राहिला हे कळल्याशिवाय त्यांना डोळे मिटायचे नव्हते. व्हिडिओ कॉल लागला की ते ना जेवणाचं विचारायचे ना हवेचं. "लागला का पत्ता?" एवढंच.

"काका, पण बी म्हणजे वडिलांचं नाव ना?" मी म्हणायचे. "तुमच्या पणजोबांचं नाव लूक. मग पी. एल. हवं."

"अगं पोरी, तू मराठी डोक्याने वाचतेस. कोरणारा काय नगरचा होता? एवढं लांबलचक आडनाव बघून त्याने भिंगारचा बी केला आणि नुसते दिवे ठेवले."

"पण दिवे आडनावाची माणसंसुद्धा असतात!"

"असतात की. तीच तर पंचाईत आहे," काका शांतपणे म्हणायचे. त्या शांतपणाने माझं डोकं आणखी फिरायचं. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून दमून आल्यावर मी त्यांच्यासाठी दिल्लीच्या, लंडनच्या लष्करी दफ्तरांना ई-मेल लिहायला बसायचे. उत्तर एकच, या नावाचं कोणी सापडत नाही. मी स्पेलिंग बदलून पुन्हा लिहायचे, आणि काका शेजारी बसून माझे स्वल्पविराम दुरुस्त करायचे. सांगा, चिडू नको तर काय करू?

एकदा त्यांना सणसणून ताप भरला. लेक ऑफिसात, म्हणून मीच त्यांना खालच्या दवाखान्यात नेलं. आतून हाक आली, "मिस्टर डाइव्ह! डी. बी. डाइव्ह!" कोणी उठेना. पुन्हा हाक आली तसे काका ताडकन उभे राहिले. "अगं, मीच तो! दावीद, भिंगार, दिवे!" औषधाच्या पाकिटावरही तेच छापलेलं. अंगात ताप, आणि हे गृहस्थ भर दवाखान्यात टाळ्या वाजवतायत. "झाला की नाही भिंगारचा बी? झाला की नाही?" मलाही हसू आवरेना. वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

सुटतोय कसले! चर्चची एक समिती पाटीवरच्या नावांची माहिती जमवून पुस्तिका काढत होती. तिथल्या आंटी बोलायला फार गोड, पण एक इंचही हलायच्या नाहीत. काकांनी मोठ्या आशेने पाकीट पुढे ठेवलं. आंटींनी चष्मा लावून ते वाचलं आणि हसून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, "अंकल, धिस वन युअर कफ सिरप. नो प्रूफ, कॅनॉट लाह."

"आयुष्यभर प्रूफं वाचली," बाहेर आल्यावर काका म्हणाले, "आणि ही बाई मलाच प्रूफ मागते!"

पुस्तिका निघाली. 'पी. बी. दिवे' या नावापुढे छापलं होतं, माहिती उपलब्ध नाही. मला आंटींचा राग आला, पण त्याहून जास्त राग आला काकांचा.

"अहो, सापडले म्हणून सांगून टाका ना अण्णांना! तुमची खात्री आहे ना?"

"माझी आहे. पण शंका असलेलं नाव मी कधी छपाईला सोडलं नाही. बापाला कसं सांगू?"

"बाप म्हणजे काय छापखाना आहे तुमचा?" मी ओरडलेच. काका उठून आपल्या फ्लॅटमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

मग अण्णांनी अंथरूण धरलं. काकांचं विमान दुसऱ्या दिवशी होतं, पण नगरहून भावाचा फोन आला, आजच बोलून घे. काका माझ्या दारात येऊन नुसते "चल" म्हणाले. आम्ही टॅक्सीने चर्च गाठलं. मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन धरून उभी राहिले. अण्णांचे डोळे मिटलेलेच होते, पाटी त्यांना दिसणार नव्हती. तरी त्यांनी विचारलंच, "लागला का पत्ता?"

काकांनी 'पी. बी. दिवे'वर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "पौलस लूक भिंगारदिवे, नगर."

अण्णांनी ते नाव एकदा स्वतः म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या लग्नपत्रिकेत आईने त्यांच्या नावाआधी ख्रिस्तवासी छापू दिलं नव्हतं. म्हणाली, ते गेलेले कुणी बघितलंय? आता माझी बातमी देशील, तेव्हा छाप."

"हो अण्णा," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका नगरला गेले, ते पुन्हा सिंगापूरला आले नाहीत. त्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर नगरच्या पेपरातलं कात्रण आलं. अण्णांच्या निधनाची बातमी होती, आणि त्यात लिहिलं होतं, ख्रिस्तवासी पौलस लूक भिंगारदिवे यांचे चिरंजीव. खाली काकांनी टाइप केलं होतं, "पोरी, पुरावा नसताना सोडलं छपाईला." मी एमआरटी ट्रेनमध्ये उभी होते. तिथेच, सगळ्यांदेखत, मला रडू कोसळलं.